गावातल्या पोरांचा रविवारचा गट कसा चालवायचा (क्लास नव्हे)

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी फोन करून विचारतं, की तुमच्याकडे मुलांचं ते रविवारचं काय चालतं तसं आमच्या वाडीत करायचंय, कसं करू, आणि मी अर्धा तास बोलते आणि मग समोरून येतं, हे सगळं लिहून पाठवा ना. तर लिहितेय. आम्ही देवगड तालुक्यातले, गाव किनाऱ्याला लागून, शाळा सातवीपर्यंत, पट दरवर्षी दोन-तीनने खाली. मी शिक्षिका नाही, आंब्याचं आणि घरचं बघते. सात वर्षं झाली गट सुरू होऊन, त्यातलं एक कोरोनात गेलं.

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मुंबईला नणंदेकडे मुलांचे ते रविवारचे क्लासेस बघून आले होते, म्हणून पहिल्या वर्षी ॲबॅकसची पुस्तकं, वर्कशीटचे गठ्ठे, चमकीचे स्टिकर असं सगळं कुरियरने मागवलं. पहिल्या रविवारी बारा पोरं, तिसऱ्या रविवारी पाच. एका पोराची आई बाजारात भेटली तिने तोंडावरच सांगितलं, "पोरां आठवडाभर शाळाच करतत, रविवारीव शाळाच कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गठ्ठे अजून माळ्यावर आहेत, शेवटी उंदरांनीच काय तो ॲबॅकस केला.

मग जे चालू झालं ते अपघाताने झालं. राहिलेल्या पाच पोरांना घेऊन जेटीवर गेले होते, काय करायचं काही ठरलं नव्हतं, आणि एकाने विचारलं पाणी कधी भरणार. मी फोन काढला तर रेंज नाही. तिथे जाळं सांधत बसलेले एक म्हातारे तांडेल (होडीचे प्रमुख) म्हणाले, "मोबाइल कित्याक व्हयो? तिथीची पावणपट कर, मगे कळात." म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं, येणारा आकडा ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे असायचे, ते आमच्या सासऱ्यांना अजून तोंडपाठ आहेत, पण ते समुद्रावर चालतात हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

पोरांना ते खरं वाटेना. मला पण पूर्ण वाटत नव्हतं. मग ठरलं की महिनाभर बघूया, जेटीच्या दगडावर खुणा करायच्या, ज्याला जमेल त्याने जाऊन पाणी कुठवर आलं आणि किती वाजता ते लिहायचं. आणि तिथून गट टिकला. महिन्यानंतर निघालं काय, तर आमच्या बंदरावर पाणी बरेचदा हिशोबाच्या अर्धा तास आधीच भरतं, पण खाडीत आत राहणाऱ्या दोन पोरींच्या वह्यांमधे उशिरा. त्यावरून जे भांडण झालं, की कोणाचं घड्याळ चुकलंय, ते मी गेल्या सात वर्षांत बघितलेलं सगळ्यात चांगलं भांडण. शेवटी दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी माणसं उभी केली आणि एकमेकांना मिस्ड कॉल द्यायचे असं ठरलं. घड्याळं बरोबरच होती. पाण्याला खाडीत आत चढायला वेळ लागतो.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकच सल्ला, गट सुरू करताना विषय शोधू नका, एक प्रश्न शोधा. असा प्रश्न की ज्याचं उत्तर पुस्तकात आयतं नाही, जो आपल्या वाडीतच मोजता येतो, आणि मोजायला चार-सहा आठवडे लागतात. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण एका दिवसात संपणारा प्रयोग, तो ज्वालामुखी वगैरे सोडा-व्हिनेगरचा, पोरं टाळ्या वाजवतात आणि पुढच्या रविवारी काय नवीन म्हणून तुमच्या तोंडाकडे बघतात, मग तुम्ही जादूगार होता आणि दमता. लांबणारा प्रश्न असला की पोरं स्वतःच परत येतात कारण आकडा त्यांचा असतो.

आमच्याकडे आत्तापर्यंत चाललेले प्रश्न सांगते. कुठल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात आधी आटतं आणि का (दोरीला गाठी मारून दर रविवारी खोली मोजायची). कलमाला मोहोर आल्यापासून फळ काढेपर्यंत किती दिवस, आणि किनाऱ्याकडच्या बागेत आणि वरच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) बागेत किती फरक. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कुठल्या महिन्यात महाग असतात, यासाठी एका पोराने बाजारात आईबरोबर बसून सहा महिने भाव लिहिले आणि तो पोरगा गणितात ढ म्हणून शाळेत प्रसिद्ध होता, सरासरी कशी काढायची ते त्यानेच बाकीच्यांना शिकवलं.

पावसाळ्यात पर्जन्यमापक. हा कोकणात नाही करायचा तर कुठे करायचा. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, कमरेला बारीक होणारी कोल्ड्रिंकची नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून आत फनेलसारखा बसवा. तळ वेडावाकडा असतो म्हणून खाली चार खडे घाला, जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारा आणि वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा. झाडाखाली नाही, पागोळी पडते तिथे नाही, उघड्यावर, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून जांभ्याच्या दोन चिऱ्यांच्या मधे. रोज सकाळी एकाच वेळी वाचायचं, परत शून्यापर्यंत आणायचं. आमच्याकडे जुलैत असे दिवस येतात की बाटली रात्रीतून भरून वाहते, तेव्हा मोठी बाटली लावा किंवा दोनदा वाचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा कळलं की पोरं लगेच स्वतःच्या घराच्या पाख्याचा हिशोब काढतात की आमच्या कौलांवर आज किती हंडे पडले. काढू द्या. हेच गणित आहे, फक्त त्याला गणित म्हणू नका.

वही. प्रत्येकाची एक, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची. त्यात प्रत्येक नोंदीला तारीख, तिथी, वेळ, जागा, काय बघितलं, आणि कोणी बघितलं. शुद्धलेखन मी तपासत नाही. मालवणीत लिहिलं तरी चालतं, उलट माशांची, वाऱ्यांची, झाडांची नावं मालवणीतच नेमकी असतात, प्रमाण मराठीत आणायला गेलं की पोर निम्मं लिहायचंच सोडून देतं. एकच नियम कडक, खाडाखोड करायची तर रबराने नाही, एक रेघ मारून बाजूला लिहायचं. चुकलेला आकडा पण वाचता आला पाहिजे. आणि अंदाजाने भरलेला आकडा पकडला गेला की त्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी भेळ करायची, यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

किती मुलं घ्यायची, तर आठ ते बारा. त्याच्या वर एकटीने जमत नाही. वयं मिसळलेली चांगली, चौथीतला आणि नववीतली एकत्र. फी घेऊ नका, फी घेतली की आईबाप मार्क विचारतात. खर्च म्हणजे भिंगं, दोन होकायंत्रं, थर्मामीटर, मोजपट्टी, चुंबक, दोरी, वह्या. गणपतीत चाकरमानी आले की मंडळाच्या सभेत एकदा उभं राहून वह्या दाखवायच्या, भाषण करायचं नाही, पोरीच्याच हातात माईक द्यायचा. वर्षाचं सामान त्यात निघतं, माझा अनुभव आहे. वेळ मात्र पोरींना विचारून ठरवा. सकाळी नऊला ठेवलं तेव्हा मोठ्या पोरी येईनात, कारण त्या वेळेला पाणी, भांडी, धाकटं भावंड. साडेतीन केलं तर आल्या. हे मला दीड वर्षांनी कळलं कारण मी विचारलंच नव्हतं. आता फक्त किनाऱ्याची फेरी तेवढी सकाळी असते आणि वर्षातल्या त्या मोजक्या सकाळींसाठी मी आधीच घरोघर जाऊन सांगून येते.

आता माणसं. गावात ज्याला काही येतं असा प्रत्येक माणूस तुमचा मास्तर. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, होडी बांधणारे सुतार, काजू फॅक्टरीतल्या बायका, औषधी पाला ओळखणारी आजी, पोस्टमन. फक्त त्यांना व्याख्यान द्यायला बोलवू नका, घाबरतात, आणि मग "विद्यार्थी मित्रांनो" सुरू होतं. त्यांच्या कामाच्या जागी जा आणि पोरांना हात लावू द्या. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली, तिथे गेलो तेव्हा आमच्या पोरांनी दोन तास कोणाकडे पाणी सुद्धा मागितलं नाही. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र बघण्यासारखं आहे, १९५७ पासूनचं, रत्ना हा आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून तिथलाच आणि सिंधू हा रत्ना आणि हापूसचा, म्हणजे आजोबा, बाप, नातू असं झाडांचं पोरांना समजावता येतं. आधी पत्र देऊन, वार ठरवून जा. वेंगुर्ल्यालाच मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं जवळून बघायला तिथे जावं. रत्नागिरीला गेलात तर झाडगावचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा, आणि जिल्हा नगर वाचनालय, ते १८२८ चं आहे, एवढं जुनं वाचनालय आपल्या कोकणात आहे हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

सहलीबद्दल माझं मत जरा तिखट आहे. वर्षाला एकच करा, पण प्रश्न घेऊन जा. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे म्हणून गाव आहे, तिथे सड्यावर माणसाचं कातळशिल्प आहे आणि त्या जागेवर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. आम्ही दोन होकायंत्रं नेली, पोरांनी दर दोन पावलांवर सुई कुठे बघते ते कागदावर मांडलं, तासाभरात एक नकाशा तयार. नुसतं "हे बघा कातळशिल्प" म्हणून फोटो काढले असते तर गाडीतच विसरले असते. एक सांगते, कातळशिल्पांवर पाय देऊ देऊ नका आणि फोटोत नीट दिसावं म्हणून खडूने रेघा भरणं तर अजिबात नको, हजारो वर्षांची खोदचित्रं आहेत ती, २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत.

विजयदुर्ग आम्हाला जवळ. तिथे किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवतात आणि सांगतात की हेलियमचा शोध इथेच लागला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, पण पोरांना मी म्हटलं शोधून काढा कोण कुठे होतं. तर जान्सन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रहणाला गुंटूरला होता, आणि ज्या लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव आपल्याकडे घेतात त्याने सूर्याच्या प्रकाशातली, हेलियम जिच्यावरून कळला ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमधे इंग्लंडमधून बघितली. पोरं नाराज झाली, एक जण तर चिडला, आपलं श्रेय काढून घेतल्यासारखं. मग प्रश्न निघाला की मग आपल्या कट्ट्यांवर कोण बसलं होतं, आणि त्यावर अजून काम चालू आहे. गावातल्या एक-दोन मोठ्या माणसांना हे आवडलं नाही, मला ऐकवलं पण. ऐकून घ्या, सोडून द्या.

स्पर्धा परीक्षांचं आता. मी आधी यांच्या विरोधात होते, आता अर्धी बाजूने आहे, कारण काही परीक्षांमधून घरात पैसे येतात आणि पोरीचं शिक्षण थांबत नाही. एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतल्या मुलांसाठी, सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या. सातवीला ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के सूट), पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. आमच्या गटातली एक हुशार पोर यात बसू शकली नाही कारण उत्पन्नाचा दाखला वेळेत आला नाही, एका कार्यालयात आम्हाला चार वेळा "उद्या या" झालं. म्हणून दाखला जूनमधेच काढून ठेवा, फॉर्म निघायची वाट बघू नका. मुलाच्या नावाचं बँक खातं आणि आधारवरचं नावाचं स्पेलिंग पण तेव्हाच बघा, नाहीतर पास होऊन पैसे अडकतात.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला, लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखी कठीण असते आणि त्याचे क्लास लावणारे खूप, मी लावत नाही, पण वह्या असलेलं पोर प्रकल्पाला आयतं तयार असतं. इन्स्पायर मानक या सरकारी योजनेत शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मॉडेल करायला मिळतात. इथे एक कानगोष्ट, यूट्यूबवरचं मॉडेल उचलून पाठवलं की बाद. आईच्या कामातली अडचण विचारा, कोयतीने काजूची बी फोडताना चीक उडतो, सुकट वाळवताना कावळे, त्यातून कल्पना निघते. आणि बाल विज्ञान काँग्रेस, दहा ते सतरा वयाची दोन मुलं मिळून गावातल्या प्रश्नावर प्रकल्प करतात, हे तर आपल्या रविवारच्या गटासाठीच बनवल्यासारखं आहे. या सगळ्यांना नाव शाळेमार्फत जातं, म्हणून मुख्याध्यापकांशी भांडून गट चालवू नका. जूनमधे जाऊन भेटा, फॉर्म भरायचं ऑनलाइन काम मी करते म्हणा. त्यांच्याकडे आधीच पंचवीस पोर्टल आहेत बिचाऱ्यांकडे, कोणी हात दिला की लगेच हो म्हणतात.

पोर पास नाही झालं तर घरी मोठं प्रकरण होऊ देऊ नका. मी पोरांना मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचं सांगते, परीक्षेला बसायचं म्हणून दापोलीकडून घाट चढून थेट साताऱ्याला चालत गेले आणि तिथे साहेब म्हणाला वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. तसेच परत आले. पोरं यावर पहिलं विचारतात, मग वाटेत जेवले कुठे?

सुरक्षेचं नीट वाचा, इथे मी मस्करी करत नाही. जून ते सप्टेंबर किनारा बंद म्हणजे बंद, एक जून ते ३१ जुलै मासेमारीच्या यांत्रिक बोटी सुद्धा बंद असतात तर पोरं कशाला. बाकी महिन्यांत चार मुलांमागे एक मोठं माणूस, त्यातल्या एकाला तरी उत्तम पोहता आलं पाहिजे. पालकांची सही घेतल्याशिवाय गावाबाहेर नाही. खडकावर जायचं तर जुने बूट, स्लीपर नाही, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांनी पाय कापतात. कपारीत हात घालायचा नाही, जिवंत शंख उचलायचा नाही, कोन जातीच्या शंखाचा डंख विषारी असतो. दगड उलटून बघितला तर जसा होता तसा परत ठेवायचा, त्याच्या खाली कोणाचं तरी घर आहे. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी वळलं की बाहेर, मग समोर तारामासा असो की काहीही असो. तांबळडेगला किंवा वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलात तर टॉर्च आणि फ्लॅश बंद, आणि पिल्लू हातात घेऊन सेल्फी काढणारे आईबाप असतात त्यांना पण तुम्हीच आवरायचं.

मे महिन्यात मुंबईची पोरं येतात तेव्हा गट दुप्पट होतो. त्यांना वेगळं शिकवू नका, आपल्या पोरांच्या हाताखाली द्या. गेल्या मे मधे आमची सहावीतली एक, ठाण्याच्या दहावीतल्या मुलाला पाऊणपट समजावत होती आणि तो कॅल्क्युलेटर काढत होता तर तिने तो हातातून काढून घेतला.

आणि कॅलेंडर घ्या ते भिंतीवरचं, तिथीवालं. किनाऱ्यावर खडकांतली डबकी बघायला रविवार सकाळ हवी आणि ओहोटी सात ते साडेआठच्या मधे हवी, आणि ती द्वितीया-तृतीयेच्या आसपास मिळते, उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी पण लांबवर मागे जातं. मी दिवाळी झाली की बसून नोव्हेंबर ते मे मधले असे रविवार लाल पेनाने गोल करून ठेवते. चारच निघतात, फार तर पाच. त्यातला एक शिमग्यात जातो, एक कोणाच्या तरी लग्नात. उरलेल्यांच्या तारखा आत्ताच पालकांना सांगून ठेवा.